टपाला दिलेली खळ

रविवार, ३ तारीख

ही वही आमच्या हिने आणून दिली. म्हणाली, दिवसभर इस्त्री फिरवता फिरवता माझ्या कानाशी जे बडबडता, ते जरा इथे लिहा. मला लागलं थोडं, पण वही चांगली आहे, वाया कशाला घालवा.

आज लिहिण्यासारखं घडलंसुद्धा. ताईने गाडीचा विषय काढला आणि आमचं भांडण झालं नाही. भाचेबुवांनी तिकडे त्यांच्या शहरात एक गिऱ्हाईक बघितलंय. चोवीस तारखेला, रविवारी, दोघं येणार आणि गाडीचा सौदा करणार. गाडी म्हणजे भावोजींची ती लाल, कापडी टपाची. टप मागे घडी होऊन बसतो, गाडी उघडी होते. होते म्हणायचं आपलं. भावोजींनी तो हयातीत एकदाही उघडला नाही, का तर घडीवर चीर पडेल. दर रविवारी गाडी पुसायची, फडक्याने झाकायची, आणि तिच्याकडे बघत चहा प्यायचा. माणूस लाखातला, पण गाडीच्या बाबतीत असा. गाडी नवीन होती तेव्हा ताईने एकदा हट्ट धरला होता, टप उघडून नदीकाठच्या रस्त्याने एक चक्कर मारू या म्हणून. ते आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

ते जाऊन तीन वर्षं झाली. झाकायचं फडकं फाटलं, टपावर धूळ बसली, शिवणीत शेवाळ धरलं, वर पक्ष्यांची कृपा. भाच्याचं म्हणणं, गाडी विकायची, घर बंद करायचं आणि ताईने त्याच्याकडे राहायला जायचं. बसस्टॉप लांब, रिक्षा मिळत नाही, कुठे जायचं तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, मग एकटी इथे करणार काय, असं तो फोनवर मलाही ऐकवतो. गिऱ्हाईक चोखंदळ आहे. टपातून थेंब जरी गळला तरी गाडी घेणार नाही म्हणे.

ताई म्हणाली, "बाळ्या, टप धुऊन देशील? कापडच आहे, तुला कळेल." मी छप्पन्न वर्षांचा आहे, लाँड्रीचा मालक आहे, पण ताईला बाळ्याच.

मी लगेच हो म्हटलं. घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. टप चांगला झाला की गाडी जाणार, आणि गाडी गेली की ताई जाणार. दोन गल्ल्या सोडून राहते. ती गेली तर संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून मला नावं कोण ठेवणार? पण आता हो म्हणून बसलोय.

मंगळवार, ५ तारीख

दुकानात शुकशुकाट. हल्ली कपडे मशीनमधून काढले की थेट अंगात, इस्त्री कुणाला हवी आहे? सकाळपासून एक पडदा आणि मास्तरांचे दोन शर्ट. मास्तर म्हणजे समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलचे. शाळेत शिकवत नसले तरी सगळे मास्तरच म्हणतात.

मी हिला माझा बेत सांगितला. ताईचा टप झाला की दुकानावर पाटी लावायची, 'गाड्यांचे कापडी टप धुऊन मिळतील'. ही म्हणाली, अहो, अशा गाड्या गावात आहेत किती? मी मोजल्या. एक ताईची. दुसरी दातांच्या डॉक्टरांची. पडद्याची घडी घालताना हिचे खांदे हलत होते.

गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराकडे जाऊन आलो. तो म्हणाला, ब्रश मऊ घ्या, साबण सौम्य, काम सावलीत, साबणाचा कण राहू देऊ नका. पूर्ण वाळल्याशिवाय टपाची घडी करायची नाही, नाहीतर कुबट वास धरतो तो जन्मभर जात नाही. आणि शेवटी पाणी न धरण्याचा फवारा, दोन हात, काचा आणि रंग झाकून. मी मान डोलावत होतो. कापडाबद्दल मला कोण शिकवणार, पण माणसाला बोलू द्यावं.

शुक्रवार, ८ तारीख

टप धुतला. ताईच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत.

आधी कोरड्या ब्रशने झटकला, इतकी धूळ निघाली की ताईने खिडक्या लावून घेतल्या. मग पाणी मारून भिजू दिला आणि पुढून मागे, विणीच्या दिशेने, हलक्या हाताने साबण फिरवला. शिवणीतल्या शेवाळाला दात घासायचा जुना ब्रश. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला ब्रश लावायचाच नाही, नुसतं ओलं फडकं. पहिलं पाणी काळं, मग चहासारखं, मग स्वच्छ. खाली गडद निळा रंग होता. आम्ही सगळे इतकी वर्षं त्याला राखाडी समजत होतो.

ताई खुर्ची टाकून बसली होती. मध्येच म्हणाली, क्लच म्हणजे डावा ना रे? म्हटलं, डावा, का गं? म्हणाली, सहज. गिऱ्हाईकाने विचारलं तर आपल्याला माहीत असावं म्हणते. हुशार आहे. मेकॅनिक येऊन इंजिन चालू करून गेलाय, तेही तिनेच बोलावून करून घेतलं. भाच्याने सांगितलं असणार.

गाडी विकायची एवढी तयारी बघून मला जरा वाईट वाटलं. वाटलं तर वाटलं, लिहून टाकलं.

रविवार, १० तारीख

टप खडखडीत वाळला. रंग सुरेख, पण अंग गेलेलं. हात लावला तर लुळा, जुन्या चादरीसारखा. चोखंदळ माणसाला असा टप दाखवायचा? माझ्या दुकानातून आजवर एक कपडा मरगळलेला बाहेर गेलेला नाही.

दुकानातून पातळ खळ करून नेली आणि फवाऱ्याने सगळ्या टपावर मारली. उन्हात ताठ झाला. बोटाने वाजवला तर पत्र्यासारखा वाजला. ताईला म्हटलं, बघ. ताईने वाजवून बघितलं आणि म्हणाली, बाळ्या, तू याला कॉलर तर नाही ना लावणार?

चेष्टा करू दे. काम बोलतं.

सोमवार, ११ तारीख

पाटीवर काय लिहायचं याचे तीन मसुदे केले. ही म्हणते आधी चोवीस तारीख जाऊ दे.

गुरुवार, १४ तारीख

घात झाला.

ताईचा फोन आला, सीटवर काहीतरी पांढरं पडतंय. गेलो. टपाला आडव्या रेघा पडल्यात, जिथे घडी बसते बरोबर तिथेच, आणि रेघेवरची खळ तडकून तिची पूड आत गळते. पहाटेच्या दवाने वरचा थर चिकट झालाय, त्यावर धूळ बसलीय. मळकट निळा, मध्ये पांढऱ्या भेगा.

विचार करकरून एकच कारण सापडलं. खळ वाळताना आकसली आणि कापडाच्या जुन्या सवयीच्या जागी तडकली. कारखान्यातून येताना घडी करून आणला असेल, ती घडी कापड विसरलेलं नाही. कपड्याची स्मरणशक्ती माणसापेक्षा चांगली असते, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

रेघेत एक पान सापडलं, इस्त्री केल्यासारखं सपाट. आणि टपाच्या मागच्या भागावर पिवळट डाग, चिकाचे. चीक मला दुरून ओळखू येतो. ताजा असला तर अर्ध्या तासात काढतो, मग तो कुठल्याही कापडावर असो. पण चिकाची झाडं आहेत नदीकाठच्या रस्त्याला, ताईच्या अंगणात नाहीत. वारा किती लांबून काय काय आणतो बघा.

ताईच्या केसांतही पांढरी पूड होती. मी म्हटलं, ताई, पावडर जरा जास्त झाली. तिने आरशात बघितलं आणि एवढी हसली की तिला ठसका लागला. मी काही विनोद केला नव्हता.

शनिवार, १६ तारीख

मास्तरांचे शर्ट आले. उजव्या खांद्यावर चिकाचा डाग. काढून टाकला, पण डाग मनात राहिला. खांद्यावर पडला म्हणजे वरून पडला, माणूस झाडाखाली होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला तर पत्र्याचं छप्पर आहे, त्यातून चीक गळत नाही.

म्हणजे मास्तर नदीकाठी पायी फिरायला जातात. जाऊ देत बापडे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली त्यांची.

मंगळवार, १९ तारीख

ताईचा स्कार्फ धुवायला आला. चीक. त्याच रंगाचा, तितकाच जुना.

मी शर्टाची पावती बघितली, स्कार्फ बघितला, आणि खुर्चीत बसलो. डाग खोटं बोलत नाही. माझी बहीण आणि मास्तर सकाळी नदीकाठी झाडाखाली भेटतात. म्हणूनच सकाळी फोन केला तर उचलत नाही. म्हणूनच तिचा उजवा हात कोपरापर्यंत उन्हाने रापलाय. म्हणूनच हल्ली गुणगुणत असते.

आधी मला राग आला, का ते सांगता येणार नाही. मग लाज वाटली, रागाची. मग वाटलं, त्रेसष्टाव्या वर्षी बाई गुणगुणते आहे, त्यात बिघडलं काय? आणि मग पुढचं सुचलं. गाडी विकली, ताई भाच्याकडे गेली, तर त्या दोघांचं काय होणार? आणि हे सगळं मीच घडवून आणतोय, मऊ ब्रशने.

हिला सांगितलं. म्हटलं, ताईचं आणि मास्तरांचं काहीतरी आहे. हिने हातातलं काम ठेवलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आपले टपाकडे बघा."

बायकांना या गोष्टींचं गांभीर्य नसतं. मास्तरांच्या शर्टांना मी आज कॉलर जरा जास्त कडक केली. माणूस नीटनेटका दिसला पाहिजे.

बुधवार, २० तारीख

खळ काढली. नुसत्या पाण्याने जाईना, कोमट पाण्याने सुटायला लागली. भिजवा, पुसा, धुवा, पुन्हा भिजवा. सामानवाला दुकानदार मुद्दाम बघायला आला, त्याने गावात कुणाकुणाला सांगितलं देव जाणे. म्हणाला, "खळ कशी काय सुचली हो?" म्हटलं, हाताला सवय. म्हणाला, बरं झालं फवाऱ्याआधी कळलं, खळीवर फवारा बसलाच नसता. एवढं बोलून तो अस्तन्या वर करून दुसऱ्या बाजूने धुवायला लागला. मी त्याच्याबद्दल ५ तारखेला जे लिहिलं ते जरा कमी करायला हवं.

खळ गेली, चीक गेला, पण घडीच्या रेघा गेल्या नाहीत. पुसट आहेत, तरी मला दिसतात. इस्त्री आणायचा विचार होता. ताईने गाडीसमोर दोन्ही हात पसरून अडवलं.

एक बारीक गोष्ट. ८ तारखेला गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, आज फाटकाकडे आहे. मेकॅनिकने फिरवली असेल.

शुक्रवार, २२ तारीख

आज फवारा मारायचा दिवस. टप दोन दिवस वाळलेला, हवा स्थिर. काचांवर जुने कागद, रंगावर चादरी, कडेने चिकटपट्टी. नाकाला रुमाल बांधून पहिला हात मारला, वाळू दिला, दुसरा घेतला.

आता जे लिहितोय ते हिने वाचलं तरी चालेल. मागच्या खिडकीवरची शिवण राहिली होती. पाणी शिरतं ते शिवणीतूनच. ती तशीच सोडली असती तर रविवारी थेंब गळला असता, गिऱ्हाईक गेलं असतं, ताई राहिली असती, मास्तरसुद्धा राहिले असते. कुणाला कळलं नसतं. मी डबा हातात धरून उभा होतो. घरात ताई गुणगुणत होती.

नाही जमलं. भावोजींची गाडी, ताईचा शब्द आणि माझ्या हातून गळका टप? त्या शिवणीला मी तिसराही हात मारला, रागाने. वाळल्यावर ताई बाहेर आली, टपावर पाणी शिंपडून बघितलं. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले आणि घरंगळून गेले. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता काळजी नाही बघ."

तिला नाही. माझी सुरू झाली.

रविवार, २४ तारीख

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

दहा वाजता भाचा आणि चोखंदळ गृहस्थ आले. गृहस्थ चष्मा पुसून टपाभोवती दोनदा फिरले, शिवणीला नखं लावून बघितली, मग नळी मागितली. मी नळी दिली. पाच मिनिटं टपावर पाणी सोडलं, मग आत वाकून छताला हात लावून बघितलं, सीटवर कागदी रुमाल दाबून बघितला. कोरडा ठणठणीत. म्हणाले, इतका सांभाळलेला टप मी आजवर बघितला नाही. माझी छाती फुगली आणि त्याच वेळी वाटलं, गळला असता तर बरं झालं असतं. हे दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

भाचा खूश. म्हणाला, आई, किल्ली दे. ताईने पर्समधून किल्ली काढली आणि हातातच ठेवली.

म्हणाली, "विकायची मी कधी म्हटलं? तू म्हणालास, मी ऐकून घेतलं."

भाचा म्हणाला, मग टप कशाला करून घेतलास एवढा? ती म्हणाली, मला पावसाळ्यात गाडी लागेल ना. त्याने विचारलं, चालवणार कोण? तेव्हा तिने पर्समधून दुसरी वस्तू काढली. लायसन्स. फोटोत ती अशी बघतेय जणू काढणाऱ्यावर खटला भरणार आहे. भाच्याने ते पुढून मागून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी तोंड उघडं टाकून उभा होतो. आमची ही मात्र शांतपणे कप भरत होती. तिला सगळं माहीत होतं. मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर ताईच म्हणाली, तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत कपड्यांबरोबर घरोघरी पोचलं असतं.

भाच्याने शेवटचा प्रयत्न केला. म्हणाला, आई, पण तू एकटी. ताई त्याच्याजवळ गेली, त्याचा गाल थोपटला. म्हणाली, दर महिन्याला येईन की तुझ्याकडे. स्वतः चालवत येईन आणि कंटाळा आला की स्वतः परत जाईन. तो हसला बिचारा, आईसमोर कोण काय करणार.

मग तिने गाडीचं दार उघडलं, आत बसली आणि टपाच्या खटक्याला हात घातला. मी ओरडलो. खरंच ओरडलो. म्हटलं, टप ओला आहे, ओल्याची घडी करायची नाही. बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं, हे तर भावोजी बोलले. ताईने खटक्यावरचा हात काढला.

म्हणाली, "किती वेळ?"

म्हटलं, "तासभर."

"तीस वर्षं थांबलेय. तासभर थांबते."

आणि थांबलो आम्ही. खुर्च्या टाकून, चहा पीत, सगळे टपाकडे बघत. चोखंदळ गृहस्थसुद्धा बसले. म्हणाले, गाडी मिळाली नाही तरी उघडताना बघून जातो. मी कोरड्या फडक्याने शिवणी टिपत होतो. ते म्हणाले, यांचा हात चांगला आहे, यांना आणखी कामं मिळतील. मी हिच्याकडे बघितलं. ही दुसरीकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

तासाभराने ताईने खटके सोडले. टप उचलला गेला, मागे सरकला आणि त्या पुसट रेघांवर बरोबर घडी होऊन बसला, कुठे अडला नाही की कुरकुरला नाही. अशी मुरलेली घडी कारखान्यातली नसते. ती रोजच्या वापराची असते. एवढी वर्षं कपडे हाताळतोय आणि पंधरा दिवस माझ्या नाकासमोर ती घडी होती. पान, चीक, पूड, तोंड फिरवलेली गाडी, सगळं एकदम आठवलं. मी डागांकडे बघत होतो आणि माझी बहीण गाडी चालवत होती.

"बस, बाळ्या," ताई म्हणाली.

बसलो. फाटकातून निघताना कुंपणाची दोन फुलं तुटली, बाकी ठीक. माझ्या दुकानावरून जाताना ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात मास्तर उभे होते, कडक कॉलरमध्ये. त्यांनी हात केला, ताईने हॉर्न दिला. त्यांच्याबद्दल मी १९ तारखेला लिहिलंय ते खोडावं की ठेवावं हे कळत नाही. ताईला विचारायचं धाडस झालं नाही, कारण हॉर्न जरा लांब होता.

नदीकाठच्या रस्त्याला लागल्यावर तिने वेग वाढवला. वरून झाडं मागे जात होती, स्कार्फ फडफडत होता, आणि ताई काही बोलत नव्हती, मीही नाही. आयुष्यात बोलायचं थांबलो असं फार कमी वेळा झालंय. एका वळणावर तिने डोळे पुसले. वाऱ्याने पाणी येतं, असं म्हणाली. मलाही येत होतं.

परतताना माझ्या पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या वर, टपकन थेंब पडला. पिवळट. ताईने बघितलं. म्हणाली, अरेरे, निघेल का रे?

घरी आल्यावर हिने शर्ट मागितला, ताजा आहे तोवर धुते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, चिकाचा डाग निघत नाही. मग तिने शर्टाची नीट घडी केली आणि न धुता कपाटात ठेवून दिला.